सुईचे पैसे आणि फुकटचा सल्ला

भाताची झोडणी आटोपली, पेंढ्याच्या उडव्या रचून झाल्या आणि ओलीवर टाकलेला वाल फुलोऱ्यात आला, की आम्हा कृषी विस्ताराच्या माणसांना गावात दोन घटका निवांत बसायला मिळते. परवा विचुंब्यात असाच एका शेतकऱ्याच्या ओटीवर बसलो होतो. वालावर मावा आलाय, काय मारू, असा त्याचा प्रश्न. शेतात जाऊन पाहिले. मावा होता, पण थोडा. आणि त्याच्या मागोमाग ढालकिडेही आले होते. म्हटलं, आठ दिवस काही मारू नका, हे किडेच मावा खातील. गृहस्थ जरा हिरमुसला. म्हणाला, "साहेब, दुकानदारानं तर दोन बाटल्या सांगितल्यात, आन् तुम्ही म्हणता काय नको!"

परत ओटीवर आलो तर घरातली म्हातारी खोकत होती. दवाखान्यात नेली का, विचारले. "नेली ना. एक सुई मारली, गोळ्या दिल्या, दीडशे घेतलं." साध्या सर्दीला सुई कशाला, असे मी सहज बोललो. त्यावर त्याने जे उत्तर दिले त्यामुळे हा लेख लिहावा लागला. तो म्हणाला, "सुई नाय मारली तं डॉक्टरला पैसं कशाचं द्यायचं?"

या एका वाक्यात आपल्या खेड्यांच्या आरोग्याचे अर्धे अर्थशास्त्र आहे. दुकानदार सल्ला फुकट देतो आणि बाटलीवर कमावतो. डॉक्टरचेही आपण तसेच करून ठेवले आहे. तपासणे, विचारपूस करणे, "काही करू नका, विश्रांती घ्या" असे सांगणे, याला आपल्या लेखी मोल नाही. मोल आहे ते सुईला, सलाईनच्या बाटलीला, रंगीत गोळ्यांच्या पुडीला. मग डॉक्टरने सुई का मारू नये? मी दोन बाटल्या नकोत असे सांगू शकलो ते माझ्या शहाणपणामुळे नव्हे. माझा पगार बाटलीवर अवलंबून नाही म्हणून. डॉक्टरला पैसे कशाचे मिळतात, यावर तो आपल्याला काय देतो हे ठरते. आजचा विषय एवढाच आहे.

गावातले दवाखाने

विचुंबे आता जुने विचुंबे राहिलेले नाही. गाढी नदीच्या पलीकडे नवीन पनवेल वाढले, रेल्वे जवळ आली, आणि शेताच्या बांधांवर इमारती उभ्या राहिल्या. २०१३ मध्ये विमानतळाभोवतीचा पट्टा 'नैना' म्हणून सिडकोकडे नियोजनाला गेला, त्यात ही सगळी गावे आली. २०१६ मध्ये पनवेल महानगरपालिका झाली, पण विचुंबे ग्रामपंचायतीतच राहिले. २०२५ च्या अखेरीस नवी मुंबई विमानतळावरून विमाने उडू लागली. खाली मात्र पाणी, कचरा आणि दवाखाना हे तिन्ही प्रश्न गावाचेच आहेत. लोक शहराइतके आणि कारभार खेड्याचा, अशी ही अवस्था.

अशा गावात पहिला उपचार कोण करतो? नव्या इमारतीच्या तळमजल्यावर गाळा भाड्याने घेऊन बसलेला खासगी डॉक्टर. त्यांच्यात आयुर्वेदाची, होमिओपॅथीची पदवी घेतलेलेही पुष्कळ. यांना नावे ठेवण्यासाठी हा लेख नाही. रात्री दहा वाजता पोराला ताप आला तर दार तेच उघडतात. आपल्याकडे पाहुण्याला 'हा आमचा घरचा डॉक्टर' म्हणून ओळख करून देण्याची पद्धत होती, ती अशाच माणसांमुळे. पण त्यांचा हिशेबही पाहिला पाहिजे. गाळ्याचे भाडे, वीजबिल, कंपाउंडरचा पगार, शिक्षणाचे कर्ज. वर पेन्शन नाही, रजा नाही, आणि गावातली उधारी आहेच. महिन्याच्या एक तारखेला त्याच्या हातात काय पडणार हे गावात किती लोक आजारी पडले यावर ठरते. सगळे गाव धडधाकट राहिले तर डॉक्टर उपाशी! जगात असा दुसरा धंदा विरळाच, की ज्यात काम उत्तम झाले तर मिळकत बुडते.

यातूनच दुसरी वाईट गोष्ट निघते, ती म्हणजे 'कट'. रोगी पुढे तपासणीला किंवा मोठ्या दवाखान्यात पाठवला की पाठवणाऱ्याला ठरावीक हिस्सा. हे सगळेच डॉक्टर करतात असे कोणी म्हणू नये. पण होते हे उघड गुपित आहे. आपल्याच जिल्ह्यातले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी २०१३ मध्ये तपासणी केंद्राकडून न मागता आलेला बाराशे रुपयांचा धनादेश परत करून वैद्यक परिषदेकडे तक्रार केली होती. २०१७ मध्ये राज्य सरकारने कट प्रॅक्टिसविरुद्ध कायद्याचा मसुदाही करून घेतला. कायदा मात्र झाला नाही. आणि नुसत्या कायद्याने ते थांबेल असेही नाही. तपासण्याचे पैसे सरळ मार्गाने पुरेसे मिळाले, तर आडमार्गाची ओढ कमी होईल.

सरकारचा पैसा जातो कुठे

सरकार आरोग्यावर काहीच खर्च करत नाही, असे म्हणणे खोटे होईल. प्रश्न तो पैसा कोणत्या टप्प्यावर जातो याचा आहे.

पहिला टप्पा पगाराचा. १९४३ मध्ये नेमलेल्या भोर समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला. खेड्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, तिथला डॉक्टर पूर्ण वेळ पगारी असावा आणि त्याने खासगी व्यवसाय करू नये, अशी त्या समितीची शिफारस होती. १९५२ पासून समुदाय विकास कार्यक्रमात अशी केंद्रे उभी राहू लागली. आजचे माप असे आहे : सपाट भागात तीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि पाच हजारांमागे एक उपकेंद्र, डोंगरी व आदिवासी भागात हेच वीस हजार आणि तीन हजार. माप चांगले आहे. पण मोजदाद अजून २०११ च्या जनगणनेची आहे. २०११ नंतर विचुंबे-देवद-उसर्ली या पट्ट्यात किती इमारती उठल्या हे नवीन पनवेलच्या रेल्वे पुलावरून नजर टाकली तरी दिसते. कागदावरचे गाव आणि खरे गाव यांचा मेळ राहिलेला नाही.

दुसरा टप्पा कामागणिक पैशाचा. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि गावात आशाताई आल्या. त्यांना पगार नव्हे, कामाप्रमाणे मोबदला. बाळंतपण दवाखान्यात करवले, लस टोचून घेतली, क्षयाच्या रोग्याच्या गोळ्या पूर्ण केल्या, त्या त्या कामाचे इतके. २०१८ पासून उपकेंद्रांचे रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत होऊ लागले, आता त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी नेमले. त्यांच्या वेतनाचाही एक भाग ठरावीक आणि एक भाग कामगिरीवर, अशी मूळ आखणी. कामागणिक पैशाने कामे होतात, यात शंका नाही. पण ज्याची नोंद होते तेवढेच काम होते. रात्री कोणाच्या तरी सासूला समजावायला आशाताई गेली, त्या खेपेची नोंद कुठल्या रकान्यात? २०२३ च्या अखेरीस आणि २०२४ च्या सुरुवातीला राज्यातल्या आशाताई संपावर गेल्या, आझाद मैदानावर बसल्या, तेव्हा कुठे मासिक मोबदल्यात पाच हजारांची वाढ मिळाली.

तिसरा टप्पा मोठ्या दुखण्याचा. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्या आठांत आपला रायगड होता. पुढे ती सगळ्या राज्यात गेली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव दिले गेले, आणि दीड लाखाचे संरक्षण पाच लाखांपर्यंत वाढले. हृदयाची, मूत्रपिंडाची मोठी दुखणी निघाली तेव्हा या योजनेने अनेक घरे वाचवली आहेत, ते नाकारता येत नाही. पण तिचे पैसे केव्हा मिळतात? रोगी दाखल झाला, ठरलेल्या यादीतला उपचार झाला, तर त्या रुग्णालयाला. गावातल्या डॉक्टरने वेळेवर रक्तदाब मोजला आणि झटका येऊच दिला नाही, तर त्याबद्दल योजनेतून एक पैसा नाही.

शेतकऱ्याला हे चटकन समजेल. मोठ्या दुखण्याची योजना म्हणजे पीकविमा. पीक बुडाल्यावर भरपाई मिळते, मिळाली तर. पण पीक बुडू नये म्हणून बीजप्रक्रिया सांगायला, बांधावर फिरायला माणूस लागतो. त्या माणसाच्या जागी माणसाच्या आरोग्यात घरचा डॉक्टर आहे, आणि नेमका त्याच्यापर्यंत सरकारचा पैसा पोचत नाही. सरकारी दवाखान्यात १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसुद्धा मोफत झाला. फारच चांगले. पण मजुरी बुडवून, रिक्षाचे भाडे भरून तिथे जाण्यापेक्षा माणूस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात दीडशे रुपये देतो. सगळ्या देशाचा हिशेब काढला तर २०१३-१४ मध्ये आरोग्यावरच्या शंभर रुपयांतले चौसष्ट लोकांच्या खिशातून थेट जात होते. २०२१-२२ मध्ये ते एकोणचाळीसवर आले. कमी झाले हे खरे. तरीही शंभरातले एकोणचाळीस आजारपणाच्या दिवशी, हातात पैसे असोत वा नसोत, काढावेच लागतात.

एका पावसाळ्यातली गोष्ट

याची किंमत काय पडते ते डोळ्यांनी पाहिले आहे, म्हणून सांगतो. पनवेल तालुक्यातल्याच एका शेतकऱ्याला लावणीनंतर ताप आला. अंग मोडून आले, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले. जवळच्या खासगी दवाखान्यात तीन दिवस सुया आणि सलाईन झाली. रोजचे पैसे रोज दिले. तीन दिवसांत त्याला कोणी एकच प्रश्न विचारला नाही : "तू चिखलात उभा होतास का? पायाला जखम आहे का?" चौथ्या दिवशी लघवी कमी झाली आणि धावपळ सुरू झाली. लेप्टोस्पायरोसिस निघाला. उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून, पायाच्या चिरेतून शिरणारा हा रोग कोकणातल्या भातशेतकऱ्याला नवा नाही. ज्या रुग्णालयात नेले ते योजनेच्या यादीत नव्हते. माणूस वाचला, पण जमिनीच्या पैशातून पोरीच्या लग्नासाठी ठेवलेली ठेव मोडली.

या रोगावर वेळेत दिलेल्या डॉक्सिसायक्लीनच्या गोळ्या काही रुपयांच्या असतात, आणि सरकारी केंद्रात त्या मोफत मिळतात. जोखमीच्या दिवसांत डॉक्टरांच्या सल्ल्याने त्या आधीही घेता येतात. इथे कमी पडले ते विचारपूस करणारे दहा मिनिटे. तो डॉक्टर वाईट होता असे मी म्हणणार नाही. बाहेर तीस रोगी बसलेले असताना विचारपुशीच्या दहा मिनिटांचे त्याला काहीच मिळत नव्हते, सुईचे मिळत होते. आणि रोग्यालाही सुईच हवी होती.

खळ्यावरचा हिशेब

मग डॉक्टरला पैसे द्यायचे तरी कसे? याचे एक उत्तर आपल्या आजोबांना ठाऊक होते. सुतार, लोहार, न्हावी यांना फेरीगणिक पैसे नसत. वर्षाचा भात खळ्यावर मोजून द्यायचा. नांगर वर्षात एकदा मोडो की पाचदा, सुताराचे पायलीचे माप ठरलेले. त्यामुळे नांगर मुळात मजबूत करण्यातच सुताराचा फायदा. त्या बलुत्यात जातीची बेडी होती, अपमान होता. ती पद्धत परत यावी असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पण 'वर्षाचे ठोक' ही त्यातली कल्पना टाकाऊ नव्हती.

ती कल्पना महाराष्ट्रातच डॉक्टरकीला लावून पाहिलेली आहे. वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने १९८० च्या आसपास आजूबाजूच्या खेड्यांत ज्वारीचा आरोग्यविमा चालवला. सुगी झाली की घरोघरी ज्वारी गोळा करायची. भूमिहीनाने कमी, जमीनवाल्याने जमिनीप्रमाणे जास्त. त्या निधीतून गावातच आरोग्यसेवक आणि औषधे, आणि पुढे रुग्णालयात सवलत. अवचित आलेल्या दुखण्याला पैसे नाहीत, आधीपासून ठाऊक असलेल्या गोष्टींना काही वाटा भरायचा. गावातली बहुतेक घरे सामील झाली तरच गाव घ्यायचे, असा दंडक. डॉ. उल्हास जाजू यांनी हे काम नेटाने चालवले. त्यातली खरी हुशारी आम्हा शेतीवाल्यांना लगेच कळते. शेतकऱ्याकडे पैसा सुगीला असतो आणि आजार पावसाळ्यात येतो. सुगीला भरायचे आणि पावसाळ्यात फेडून घ्यायचे, यात सावकार मध्ये येत नाही.

दुसरे उदाहरण मुंबईचे. १९४८ च्या कायद्याने कामगार राज्य विमा योजना आली आणि १९५४ मध्ये मुंबईत लागू झाली. गिरणीकामगाराला जवळचा खासगी डॉक्टर यादीतून निवडता येई. तो 'पॅनल डॉक्टर'. त्याला प्रत्येक कामगारामागे वर्षाला ठरावीक रक्कम. कामगार दहा वेळा येवो की एकदाही न येवो. आपल्या भागातून गिरणीत गेलेल्या जुन्या माणसांच्या पेटीत ते कार्ड अजून सापडेल. तळोज्याच्या कारखान्यात ज्यांच्या पगारातून ई.एस.आय. कापली जाते त्यांनी स्वतःला एक प्रश्न विचारावा : कापले जाणारे पैसे आपण वापरतो का?

ही पद्धत जगात नवी नाही. इंग्लंडने ५ जुलै १९४८ रोजी सर्वांसाठी सरकारी आरोग्यसेवा सुरू केली, तेव्हा घरच्या डॉक्टरांना सरकारी नोकर न करता त्यांच्याकडे नाव नोंदवलेल्या माणसांमागे पैसे देण्याची रीत ठेवली. भाताच्या बाबतीत आपल्या जवळचा असलेला थायलंड श्रीमंत देश नव्हता. त्याने २००२ पर्यंत सगळ्या देशात तीस बाथची योजना नेली. रोग्याने भेटीला तीस बाथ द्यायचे, बाकी सरकार त्या भागातल्या माणसांच्या संख्येप्रमाणे तिथल्या रुग्णालयाला आणि त्याच्या दवाखान्यांना देणार. म्हणजे खळ्यावरचाच हिशेब, फक्त पायलीच्या ऐवजी माणशी रक्कम.

प्रत्येक वाणात खोड असते

कोणतेही वाण सगळ्या रोगांना दाद देत नाही, असे नसते. पैसे देण्याच्या पद्धतीचेही तसेच.

सुईगणिक पैसे दिले तर सुया वाढतात. नुसता पगार दिला तर? स्वतःवरूनच सांगतो. मी शिवारात गेलो काय आणि कचेरीत बसून अहवाल भरला काय, एक तारखेला पगार तोच होतो. जाणारे जातात ते मनाने. डॉ. बावस्कर १९७६ मध्ये महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पगारी डॉक्टर म्हणून आले. विंचू चावून माणसे मरत होती. त्यांनी रात्र रात्र रोग्यांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या, प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि ते काम जगापुढे नेले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण राज्याची आरोग्यव्यवस्था सगळेच बावस्कर असतील असे धरून आखता येत नाही. रिकाम्या जागा, बदल्या, बंधपत्राचे वर्ष संपायची वाट पाहणारा नवा पोरगा, हे नेहमीचे चित्र धरूनच आखावी लागते.

आणि ठोक रकमेचीही खोड आहेच. पैसे आधीच मिळाले, तर डॉक्टर रोगी टाळू लागेल. पॅनलच्या डॉक्टरांबद्दल कामगारांची तक्रार हीच असे, की कार्डवाल्याला बाकावर बसवायचे आणि रोखवाल्याला आत घ्यायचे. तेव्हा ठोक रक्कम हवी, पण दोन अटींवर. एक, रोग्याला डॉक्टर बदलता आला पाहिजे, आणि तो बदलला की त्याच्या नावाची रक्कमही त्याच्याबरोबर गेली पाहिजे. दुसरी, हिशेब ग्रामसभेत उघडा वाचला गेला पाहिजे.

विचुंब्यापुरते काय करता येईल

आता नुसते बोलून उपयोग नाही. आमच्या मते तीन गोष्टी विचुंबे आणि आसपासच्या ग्रामपंचायतींना करण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट, मोजणी. उपकेंद्र मागायचे तर आकडा हवा. ग्रामपंचायतीकडे घरपट्टीची नोंद आहे, आशाताईंकडे घरांची नोंद आहे. दोन्ही एकत्र करून भाडेकरूंसह खरी लोकसंख्या काढावी आणि पंचायत समितीपुढे, जिल्हा परिषदेपुढे ठेवावी. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यावर खर्चायला देशभरात ७०,०५१ कोटी रुपयांची शिफारस केली होती. उपकेंद्रे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे बांधणे हे त्यातले एक काम. आपल्या तालुक्याच्या वाट्याला त्यातले काय आले आणि कुठे लागले, हे विचारण्याचा ग्रामसभेला हक्क आहे.

दुसरी गोष्ट, घरटी वर्गणीचा प्रयोग. गणित सोपे आहे. समजा एक हजार घरे सामील झाली आणि घरटी वर्षाला सहाशे रुपये धरले. सहा लाख झाले, म्हणजे महिन्याला पन्नास हजार. त्यातले तीनशे घराने भरायचे, तीनशे ग्रामपंचायतीने. घराच्या वाट्याला महिन्याला पंचवीस रुपये आले. आज एका सुईचे आपण दीडशे देतो! वीटभट्टीवरचे, नाक्यावरचे मजूर, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या, यांचे सगळे सहाशे ग्रामपंचायतीने भरावेत. गावातल्या नोंदणीकृत डॉक्टरांपैकी जे तयार असतील त्यांची यादी लावावी, प्रत्येक घराने एक निवडावा. तपासणीचे वेगळे पैसे नाहीत. साधी औषधे उपकेंद्रातून मोफत. साखर आणि रक्तदाबवाल्यांची वही डॉक्टरने ठेवायची. लावणीच्या आधी जून महिन्यात शेतकऱ्यांची एक बैठक घेऊन लेप्टोची माहिती द्यायची. त्या बैठकीला मी स्वतः येईन. भातावरच्या करप्याबरोबर माणसाच्या तापाचेही बोलू. वैद्यकीय मदत हा विषय १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याच्या ग्रामसूचीत आहे, म्हणजे ग्रामपंचायतीने यात हात घालणे हे काही जगावेगळे नाही. मात्र पैसे कसे द्यावेत, करार कसा करावा, हे गटविकास अधिकारी आणि तालुका आरोग्य अधिकारी यांना सोबत घेऊनच ठरवावे. नाहीतर लेखापरीक्षणात चांगले कामही अडकते.

तिसरी गोष्ट आपल्या स्वतःची. डॉक्टरने तपासून "औषधाची गरज नाही" म्हटले, तरी त्याचे पैसे हसत द्यायला आपण शिकले पाहिजे. दवाखान्यातून रिकाम्या हाताने आलो तर फसवले गेलो, ही समजूत सुटली नाही तर वरच्या कोणत्याही योजनेचा उपयोग नाही. माती परीक्षणाचा अहवाल आला, त्यात स्फुरद भरपूर आहे असे निघाले, तर आपण एक पोते खत वाचवतो. अहवालाचे पैसे वाया गेले असे म्हणतो का?

सरकारकडेही एक मागणे आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहून ठेवले आहे, की आरोग्याच्या पैशातला दोन तृतीयांश किंवा अधिक वाटा प्राथमिक सेवेवर जावा. धोरण लिहिणाऱ्यांना जे कळले ते तिजोरीपर्यंत पोचले पाहिजे. मोठ्या दुखण्याच्या योजनेला जसा निधी मिळतो, तसा पहिल्या तपासणीलाही मिळावा. माणशी, वर्षाला, ठोक. एखाद्या तालुक्यात करून पाहावे. रायगडने २०१२ मध्ये जीवनदायीचा पहिला प्रयोग अंगावर घेतला होता, हाही घेईल. आणि तो विचुंब्यासारख्या गावात करावा, जिथे खेडे संपलेले नाही आणि शहर आलेले नाही. राज्यात अशी गावे दर वर्षी वाढतच आहेत.

जाता जाता वालाचे सांगायचे राहिले. आठ दिवसांनी पुन्हा गेलो. मावा बराच उतरला होता, फुले टिकून होती. शेतकरी म्हणाला, "बरा झाला, बाटलीचं पैसं वाचलं." त्याची आई अजून थोडी खोकत होती. उपकेंद्रात नेऊन छाती तपासून घ्या, दोन आठवड्यांच्या वर खोकला गेला तर थुंकी तपासायला हवी, असे सांगून आलो. हे सांगण्याचे मला वेगळे पैसे मिळत नाहीत, पण सांगायला वेळ मिळतो, कारण पगार मिळतो. गावातल्या डॉक्टरलाही असा वेळ मिळावा, तर त्याची तजवीज गावाने आणि सरकारने मिळून करायला हवी. पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा एक विषय घ्या, एवढेच आज सुचवायचे आहे.